आधी वाटाणा

प्रिय मित्रा,

पटकथा वाचली. आठवडी बाजाराचा प्रसंग झकास जमलाय, शेवट अजून लागलेला नाही. त्यावर भेटून बोलू. हे पत्र लिहितोय ते तू जाता जाता लिहिलेल्या एका ओळीसाठी: फिल्मसाठी वडील दोन एकर विकायला तयार झालेत.

नको.

तू फाळक्यांचा दाखला दिलास. पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून ऐकवतात, पण त्यातला वाटाणा नेमका गळतो. लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी थेट हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, तो रुजून वर येताना थोडा थोडा टिपत राहिले आणि ती एवढीशी फिल्म पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवली. कथापटासाठी भांडवल उभं राहिलं ते त्यानंतर. धाडस होतंच, पण दाखवायला हातात काहीतरी होतं. तुझ्या हातात आत्ता फक्त कागद आहे.

तेव्हा आधी पंधरा मिनिटांचा लघुपट कर. बाजाराचा तो प्रसंगच घे. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ येण्याआधी ‘पिस्तुल्या’ होता आणि त्या छोट्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता. रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’नं २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार घेतला, तेव्हा हा मुलगा कुठून आला असं अनेकांनी विचारलं. लघुपटांतून आला. लघुपट कोणी बघत नाही म्हणून लोक नाक मुरडतात. माझ्या मते तोच त्याचा फायदा: चारचौघांत शोभा न होता शिकता येतं.

आता तुझं बजेट. कॅमेरा, लाइट, प्रवास, जेवण, सगळं बारकाईनं मांडलंयस आणि शूटिंगच्या शेवटच्या दिवशी बजेटही संपतं! आपल्याकडच्या किती फिल्म अशा हार्डडिस्कवर पडून आहेत ते कुणी मोजत नाही. संकलन, ध्वनिआरेखन, मिक्सिंग, कलर, सबटायटल, डीसीपी (थिएटरात चालणारी डिजिटल प्रत), सेन्सॉर, महोत्सवांच्या प्रवेशफिया. यातलं काही उधारीवर होत नाही, आणि झालं तर उधारी देणाऱ्याच्या सवडीनं होतं. मराठी चित्रपटांना सरकारी अनुदान आहे, पण ते फिल्म पुरी होऊन समितीनं पाहिल्यावर. ते जमेच्या बाजूला लिहिलंयस, ते आधी खोड. शूटिंगनंतरचा पैसा वेगळ्या खात्यात पडल्याशिवाय पहिला क्लॅप द्यायचा नाही. आणि ध्वनीवर कंजूषी नको. चित्र थोडं खरबरीत असलं तर प्रेक्षक चालवून घेतो, पण संवाद कळले नाहीत की तो उठतो.

कागदपत्रांचंही तेच. बाजारात लाउडस्पीकरवर सिनेमातलं गाणं वाजतंय असं लिहिलंयस. त्याचे हक्क तुझ्या अख्ख्या लघुपटाएवढे महाग पडू शकतात. गाणं बदल. मित्र असला तरी प्रत्येकाशी लेखी करार कर, मित्र असला तर आधी कर.

पोटापाण्याचं विचारलंयस. पहिल्या फिल्मवर घर चालेल असं गृहीत धरू नकोस. दुसरीवर चाललं तरी नवल. जाहिरातींचं संकलन, संस्थांच्या डॉक्युमेंट्री, शिकवणं, जे जमेल ते कर आणि त्याची लाज बाळगू नकोस. सुमित्रा भावे समाजकार्याच्या अभ्यासातून सिनेमाकडे आल्या. १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला, मग सुनील सुकथनकरांबरोबर तीन दशकं लघुपट आणि कथापट दोन्ही करत राहिल्या. ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे की त्यांनी माणसं जोडली आणि कमी पैशात काम होईल अशी पद्धत बसवली. मोठ्या बजेटची वाट पाहत बसल्या असत्या तर तेवढ्या फिल्म झाल्याच नसत्या.

आणखी एक. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’चं कौतुक करताना व्हेनिस महोत्सवातले दोन पुरस्कार सगळे सांगतात. मला त्यातला निर्माता जास्त महत्त्वाचा वाटतो. विवेक गोंबर यांनी लिहिण्याच्या काळातच पैसे दिले, म्हणजे पटकथेला वेळ मिळाला. असा माणूस शोधायला वर्षं लागतात आणि तो पुरस्कार सोहळ्यात क्वचितच भेटतो. नाटकाच्या तालमीत, फिल्म क्लबात, दुसऱ्याच्या सेटवर पडेल ते काम करताना भेटतो. नोव्हेंबरात गोव्याला फिल्म बाजारला, म्हणजे चित्रपटांच्या खरेदी-विक्रीच्या मेळ्याला जायचंय म्हणतोस, जरूर जा. पण या खेपेला पटकथा बॅगेतच राहू दे. कोण काय विकत घेतंय, कुणाला कशावरून नकार मिळतोय ते ऐक. खोली चौघांत घे, पणजीत तेव्हा भाडी फार चढतात.

लघुपटाचं बजेट नव्याने मांडून पाठव, शूटिंगनंतरचा खर्च वरच्या रकान्यात लिही. संकलक कोण असेल तेही कळव. त्याला शूटिंगआधी पटकथा वाचायला दे आणि तो काय काप म्हणतो ते मला सांग.

तुझा,
दादा