अनुदान नसतं तर?

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करते. शिरोलीत बाबांची फाउंड्री आहे. सरकारी अनुदानामुळे उद्योगांचा संशोधनावरचा खर्च खरंच वाढतो का, यावर काम करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, 'स्पेक्ट्रोमीटरला अनुदान मिळालं, पण तो मी घेणारच होतो. यात अभ्यास कसला? बँकेची परीक्षा दे.' काय करू?

उत्तर : 'घेणारच होतो' या दोन शब्दांत बाबांनी तुझ्या विषयाचा गाभा सांगून टाकलाय. वितळलेल्या धातूचा नमुना घेऊन त्यातलं कार्बन-सिलिकॉन काही सेकंदांत सांगणारं ते यंत्र अनुदानाशिवायही आलं असतं, तर सरकारचा पैसा फक्त बाबांच्या पैशाच्या जागी बसला. पण वाचलेल्या रकमेतून त्यांनी धातूचा एखादा नवा ग्रेड, म्हणजे प्रकार, ओतून पाहिला असेल, तर हिशेब बदलतो. हे त्यांना नक्की विचार.

अनुदान घेतलेले आणि न घेतलेले कारखाने नुसते शेजारी ठेवून उत्तर मिळत नाही, कारण अर्ज करणारा मुळातच धडपड्या असतो. म्हणून अभ्यासक थोडक्यात हुकलेले अर्जदार शोधतात आणि त्यांची तुलना जेमतेम पात्र ठरलेल्यांशी करतात. अमेरिकेत ऊर्जा खात्याच्या छोट्या कंपन्यांसाठीच्या अनुदानाचं असंच पाहिलं, तर पहिल्या टप्प्याचं अनुदान मिळालेल्यांना पुढे व्हेंचर कॅपिटल (नव्या कंपन्यांत जोखीम घेऊन गुंतवलेलं खासगी भांडवल) मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. त्याच धर्तीच्या अमेरिकी अनुदानांवरच्या २००० सालच्या एका अभ्यासात मात्र कंपन्यांनी स्वतःचा खर्च जवळजवळ तेवढाच कमी केल्याचं दिसलं.

प्रबंधाला विषय हवा असेल तर आपल्याच आयकरात आहे. करसवलत हीही सरकारी मदतच. कलम ३५(२एबी) खाली कंपनीच्या संशोधनखर्चावर २०० टक्के वजावट मिळायची, म्हणजे शंभर रुपये खर्चले की करपात्र उत्पन्नातून दोनशे वजा व्हायचे. २०१७-१८ पासून ती १५० आणि २०२०-२१ पासून १०० झाली. मग खर्च उतरला का? सावध राहा : २०२० मध्ये करोना मिसळतो, २०१७ च्या आसपास नोटबंदी आणि जीएसटी. शिवाय वजावटीसाठी साधा खर्चही 'संशोधन' म्हणून दाखवला जातो, ते आकड्यांतून वेगळं काढणं सगळ्यात कठीण.

नोकरीचं खरं सांगते. कोल्हापुरात अशा जागा फार थोड्या, पुण्या-मुंबईला किंवा दिल्लीला जावं लागेल. यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस परीक्षा तुझ्या एम.ए.वर देता येते, धोरणसंस्थांत संशोधन सहायक घेतात. त्यासाठी इकॉनोमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्र) पक्कं कर, 'आर' ही आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणकभाषा शिक. बँकेची परीक्षाही दे, घराला धीर राहील.

पण या रविवारी आधी बाबांसोबत शिरोलीत फिर. अनुदान मिळालेला एक आणि अर्ज फेटाळलेला एक, अशा दोन कारखानदारांना विचार : गेल्या तीन वर्षांत नवीन काय करून पाहिलंत?