ज्वारीसाठी ‘पाणी-वाहिनी’ टॉनिक घ्यावं का?

प्रश्न : रब्बी ज्वारी कोरडवाहू आहे, जमीन मध्यम काळी. मुळांतल्या पाणी-वाहिनी प्रथिनांमुळे पीक दुष्काळात तगतं म्हणतात. ती वाढवणारं टॉनिक दुकानात मिळतंय. फवारावं का?
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : त्यावर पैसे घालू नका. ही प्रथिनं, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन, पाणी ओढत नाहीत. पेशीच्या पडद्यातली ती अरुंद दारं आहेत. पाण्याचे रेणू त्यातून एकामागोमाग एक जातात, पण जिकडे ओढ जास्त तिकडेच. माती कोरडीठाक झाल्यावर दारं सताड उघडी राहिली, तर मुळातलं पाणी उलट मातीत जाऊ शकतं. म्हणून पाण्याचा ताण बसला की प्रथिनावरचे फॉस्फेट, म्हणजे दार उघडं ठेवणारे रासायनिक गट, निघतात आणि बरीच दारं मिटतात.

‘जास्त प्रथिनं म्हणजे जास्त तग’ हे गणित त्यामुळेच चुकतं. 2003 साली तंबाखूत असं एक प्रथिन मुद्दाम वाढवलं गेलं. भरपूर पाण्यावर झाडं जोमदार वाढली. पाणी तोडल्यावर मात्र साध्या झाडांच्या आधी सुकली.

तगण्याचं खरं मर्म काटकसरीत आहे. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे बाजरीवर झालेल्या कामात दिसलं, की दुपारी हवा तापून कोरडी झाली की ताण सोसणारे वाण पाण्याचा खर्च आखडतात. त्यात या प्रथिनांचाही हात असल्याचे संकेत आहेत. असं राखलेलं पाणी दाणा भरताना उपयोगी पडतं. हा गुण वाणातच असावा लागतो, फवारून येत नाही.

तेव्हा वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे निवडा : हलक्या जमिनीत फुले अनुराधा किंवा फुले माउली, तुमच्या मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1, भारी जमिनीत फुले वसुधा. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, अंतर 45 बाय 15 सेंमी. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करा. शेवटची तर चुकवूच नका, कारण जमिनीच्या भेगा तिनेच बुजतात. उघड्या भेगांतून खालची ओल उडून जाते.

एकच पाणी हाताशी असेल तर पेरणीनंतर 50 ते 55 दिवसांनी, पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी), हलकं द्या. ताणलेल्या पिकात पाणी तुंबवू नका. मुळांना प्राणवायू मिळाला नाही की पेशीरस आम्ल होतो, हीच दारं बंद होतात आणि पाण्यात उभं पीक माना टाकतं.