फाईल ‘इज डाउनलोडिंग’ की ‘इज बीइंग डाउनलोडेड’?

तुमचं म्हणणं असं की फाईल काही स्वतःला डाउनलोड करत नाही, मग ‘द फाईल इज डाउनलोडिंग’ चुकीचंच. ‘इज बीइंग डाउनलोडेड’ हवं. नाही, दोन्ही बरोबर आहेत. शाळेत ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह असे दोनच कप्पे शिकवतात, म्हणून पहिलं खटकतं.

माझं मालवणात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. परवा भर पावसात एक आजोबा छत्री झटकत आत आले आणि विचारलं, “निघालो काय रे सातबारो?” मी म्हटलं, “थांबा तात्यानू, निघता आता.” आता सातबाऱ्याला काय पाय आहेत? काढणारा मी, पण तो ‘निघतो’. अढीत आंबे आपणच घालतो, तरी ‘आंबे पिकतायत’ म्हणतो. ‘आंबे पिकवले जात आहेत’ असं घरात बोलून बघा, आई कपाळाला हात लावून ताप बघेल.

आपल्याकडे काढणे-निघणे, फोडणे-फुटणे अशा जोड्या असतात. इंग्रजी बऱ्याचदा एकाच क्रियापदावर भागवते, जसं आपलं ‘मोडणे’: फांदी मोडली, त्याने फांदी मोडली. डाउनलोड, अपलोड, लोड, इन्स्टॉल, प्रिंट, अपडेट ही सगळी त्याच जातीची.

मात्र सगळीच क्रियापदं अशी वागत नाहीत, आणि आपण मराठी माणसं नेमकी इथे घसरतो. बटण दाबलं की पुढचं काम यंत्र आपलं आपण करतं, तिथे हे सहसा चालतं. ‘टाइप’ला दर अक्षराला बोट लागतं, म्हणून ‘द लेटर इज टायपिंग’ म्हणजे पत्रच टाइप करत बसलंय. मराठीत ‘होणे’ कशालाही चिकटतं. पत्र टाइप होतंय, फॉर्म भरून होतोय. ती सवय घेऊन इंग्रजीत गेलात की गोंधळ.

दुसरी खूण ‘बाय’ची. ‘द फाईल इज डाउनलोडिंग बाय मी’ कधीच नाही. कोणी केलं ते सांगायचं असेल, तर पॅसिव्हच: ‘द फाईल वॉज डिलीटेड बाय द ॲडमिन’. ऑफिसचा रिपोर्ट लिहायचा असता, तर मी ‘द डेटा इज बीइंग ट्रान्स्फर्ड’ लिहिलं असतं. फोनवर गिऱ्हाइकाला सांगताना ‘इट्स डाउनलोडिंग’.

गंमत म्हणजे ‘इज बीइंग’वालं रूपच नवं. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रज घर बांधलं जात असताना ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ रुळू लागलं तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या काही व्याकरणपंडितांनी नाकं मुरडली होती. आज तेच रूप शुद्ध ठरून ‘इज डाउनलोडिंग’वर लोक डोळे वटारतात.

आणि डाउनलोड पूर्ण झाल्यावर ‘द फाईल इज डाउनलोड’ नको. ‘हॅज डाउनलोडेड’ किंवा ‘हॅज बीन डाउनलोडेड’. कागद अडकला तर ‘द पेज वोंट प्रिंट’ बिनधास्त म्हणा, आमच्या दुकानात त्याला ‘पान निघना नाय’ म्हणतात.