सगळ्या पानांना सारखेच गुण पडले असतील, तर आधी यंत्राने कुठलं पान पाहिलं ते तपासा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की सोसायटीचं ॲप रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत आहे, त्यातल्या 38 पानांच्या पत्त्यांची यादी लाइटहाउसला (वेबपान तपासून 100 पैकी गुण देणारं गूगलचं साधन) दिली, सगळ्यांना 96-97 गुण पडले, आणि तरीही खानापूर शाखेचे सभासद म्हणतात की ठेवींचं पान उघडायला वेळ लागतो. तुमचं दुखणं ओळखीचं आहे. सर्व्हर वाढवायच्या आधी एक बघा: 38 वेळा लॉगिनचंच पान तपासलं गेलंय का?

ठेवींचं पान, कर्जाचा हप्ता, तक्ता, पासबुक या सगळ्यांचं वजन वेगवेगळं असतं. त्यांना सारखे गुण पडणं हीच धोक्याची खूण आहे. घडतं असं. लाइटहाउस कमांडवरून चालवलं की ते क्रोम कोऱ्या प्रोफाइलने उघडतं. तिथे तुमचं लॉगिन नसतं. राउटर (पत्त्याप्रमाणे पान दाखवणारा ॲपचा भाग) टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, शोधतो, मिळत नाही, आणि लॉगिनकडे वळवतो. हे वळण ब्राउझरच्या आत घेतलं जातं. सर्व्हरच्या दृष्टीने सगळं ठीक, त्याने 200 (म्हणजे 'पान मिळालं') हा कोड दिलेला असतो, कारण कुठलाही पत्ता मागितला तरी तो तीच इंडेक्स फाइल देतो. पत्त्यात अक्षर चुकलं तरी 200. मग 'पान सापडले नाही' या दोन ओळींच्या हलक्याफुलक्या पडद्यालाही गुण उत्तमच पडणार.

आमच्याकडे सर्वांत महाग पडली ती हीच चूक. आणि ती लांबली, कारण ज्या कार्यालयाला अहवाल द्यायचा होता त्यांना फक्त गुणांचा तक्ता हवा होता. चाचणीसाठी वेगळं खातं मागितलं तर 'नियमात बसत नाही', पडद्यांची चित्रं जोडली तर 'नमुन्यात रकाना नाही'. चित्रं कोणी उघडली असती तर पहिल्या मिनिटात कळलं असतं की प्रत्येक चित्रात तीच पासवर्डची चौकट आहे. ज्या अहवालात पडद्याचं चित्र नाही तो स्वीकारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता उपाय. मी सांगतोय ते लाइटहाउस 10 आणि पुढच्या आवृत्त्यांना लागू आहे. जेसन (यंत्राला वाचता येईल अशा) अहवालात 'फायनल डिस्प्लेड यूआरएल' नावाची नोंद असते. ब्राउझरच्या आत पत्ता बदलला तर तो बदललेला पत्ता तिथे दिसतो. मागितलेला पत्ता आणि हा पत्ता जुळत नसेल तर त्या पानाचे गुण फेकून द्या आणि चाचणी नापास करा. पत्त्यात हॅश (#) वापरत असाल तर हॅशनंतरचा भागही जुळवा. वळवल्याचा इशारा अहवालात येईल यावर विसंबू नका, कारण सर्व्हरने वळवलेलंच नसतं. एवढ्याने भागत नाही. पत्ता बरोबर असूनही पडद्यावर माहिती येईपर्यंत दिसणारा नुसता राखाडी सांगाडा असू शकतो. म्हणून प्रत्येक पानासाठी एक खूण ठरवा, उदाहरणार्थ 'माझ्या ठेवी' हे शीर्षक आणि खाली तक्त्याची निदान एक ओळ. ती दिसली तरच पुढे. 'पाच सेकंद थांब' असं लिहू नका. 'नेटवर्क शांत होईपर्यंत थांब' हेही नको, कारण मागे पोलिंग (सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारणं) किंवा वेबसॉकेट (सतत उघडी जोडणी) चालू असेल तर ते शांत होतच नाही.

लॉगिनसाठी पपेटिअरने (स्क्रिप्टवरून क्रोम चालवणारं साधन) आधी आत शिरा आणि त्याच टॅबवर लाइटहाउस चालवा, साठवण पुसण्याचा पर्याय बंद ठेवून. प्लेराइट हे तसंच दुसरं साधन वापरत असाल तर एक खाच आहे: त्याची साठवलेली स्थिती कुकी आणि लोकल स्टोरेज जपते, सेशन स्टोरेज (टॅब बंद होईपर्यंतच टिकणारी साठवण) जपत नाही. टोकन तिथे असेल तर पान उघडण्याआधी चालणाऱ्या स्क्रिप्टने ते स्वतः भरावं लागतं. पुष्कळ जण इथेच दोन दिवस घालवतात.

खातं चाचणीचंच हवं. लाइटहाउसच्या एचटीएमएल अहवालात पूर्ण पानाचं चित्र असतं. खऱ्या सभासदाने लॉगिन केलं तर त्याचं नाव आणि शिल्लक त्या फाइलीतून व्हॉट्सॲपवर फिरेल. आणि दिसेल ते बटण दाबत जाणारी स्क्रिप्ट खऱ्या डेटाबेसवर कधीच सोडू नका.

बांधणीचं एका ओळीत: डेव्हलपमेंट सर्व्हरवर मोजू नका, प्रॉडक्शन बिल्डच (सभासदांना जाते ती अंतिम आवृत्ती) मोजा.

तुमची खरी तक्रार बहुधा पुढच्या टप्प्यात सापडेल. सभासद एकदा लॉगिन करतो आणि मग आतल्या आत पान बदलतो. अशा बदलाला नवा एलसीपी (पडद्यावरचा सर्वांत मोठा घटक दिसेपर्यंतचा वेळ) मोजला जात नाही. म्हणून लाइटहाउसचा 'युजर फ्लो' वापरा, त्यात मोजणीचे तीन प्रकार आहेत: पहिलं उघडणं नॅव्हिगेशनमध्ये, 'ठेवी' दाबल्यापासून तक्ता येईपर्यंतचा काळ टाइमस्पॅनमध्ये, आणि तक्ता आल्यावर स्नॅपशॉट. टाइमस्पॅनमध्ये आयएनपी (बटण दाबल्यावर पडदा प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ) पाहा, 200 मिलिसेकंदांच्या आत हवा. लाइटहाउसच्या मोबाइलसाठीच्या मूळ सेटिंगमध्ये 150 मिलिसेकंद विलंब, सुमारे 1.6 एमबीपीएस वेग आणि चौपट मंद सीपीयू धरतात. नॅव्हिगेशनमध्ये हा मंदपणा प्रत्यक्ष लावलेला नसतो, मुळात हिशेबाने काढलेला असतो. तुमच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंज याहून कमी मिळू शकते, तेव्हा डेव्हटूल्सचं (क्रोममधली तपासणीची साधनं) प्रत्यक्ष थ्रॉटलिंग, म्हणजे मुद्दाम मंद केलेलं नेटवर्क, लावून एकदा बघाच. प्रत्येक मोजणी पाच वेळा करा आणि मधली घ्या. लाइट गेलेली असताना बॅटरीवर चाललेल्या लॅपटॉपवर मोजू नका, प्रोसेसर स्वतःच मंदावतो आणि आकडे हलतात.

सुलभतेच्या (अपंग सभासदांनाही ॲप वापरता येतं का याच्या) तपासणीत ॲक्स हे साधन फक्त त्या क्षणी पडद्यावर असलेलं बघतं. मुदत वाढवायची चौकट बंद असेल तर ती तपासलीच जात नाही. प्रत्येक चौकट उघडून पुन्हा चालवा. चौकट हळूहळू उमटत असताना चालवलंत तर रंगभेदाच्या खोट्या चुका निघतात, म्हणून हालचाल कमी ठेवण्याची सेटिंग लावा. 'अपूर्ण' म्हणून जे निकाल येतात ते हाताने पाहायचे असतात, गाळायचे नसतात.

आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचं भाषेचं. पान मराठीत असलं आणि वर भाषेचा कोड 'ईएन' असला तरी यंत्र पास करतं. कोड आहे का आणि वैध आहे का, एवढंच ते बघतं. मजकुराशी जुळतो का हे बघत नाही. मग स्क्रीन रीडर (अंध सभासदांना पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम) इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो. सभासदाने मराठीवरून कन्नड निवडलं की पानाच्या मूळ घटकावरचा (html) कोड 'एमआर'चा (मराठी) 'केएन' (कन्नड) झाला पाहिजे, आणि मराठी पानात एखादी कन्नड ओळ असेल तर त्या ओळीला वेगळा कोड द्या. यासाठी पाच ओळींची स्वतःची चाचणी लिहा. त्याच चाचणीत पान बदलल्यावर शीर्षक बदललं का आणि फोकस नव्या मथळ्यावर गेला का, हेही तपासून घ्या.

तपासणी डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) चालत असेल तर तिथल्या छोट्या डेबियन लिनक्स प्रतिमेत देवनागरी किंवा कन्नड फॉन्ट नसतात. वेबफॉन्ट वेळेत आला नाही की नुसते चौकोन दिसतात. त्यांची रुंदी खऱ्या अक्षरांसारखी नसते, त्यामुळे मांडणीची मोजणी निरर्थक ठरते. 'फॉन्ट्स-नोटो-कोर' हे पॅकेज टाका, दोन्ही लिप्या त्यात आहेत. मग मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही भाषांत प्रत्येक बटणातल्या मजकुराची रुंदी बटणाच्या रुंदीपेक्षा जास्त होते का ते स्क्रिप्टने मोजा. इंग्रजीत नीट बसणारं बटण 'ठेव नूतनीकरण' लिहिलं की कापलं जातं, आणि त्यासाठी ना लाइटहाउस गुण कापतं, ना ॲक्स काही बोलतं.

38 पत्त्यांपैकी किती जुळले तेवढं इथे कळवा, मग ठेवींच्या पानाचा टाइमस्पॅन एकत्र बघू.