पाने पिवळी पडली म्हणून लगेच खत घालू नका

नमस्कार. आपण लिहिले आहे की कोल्हापूरच्या राजारामपुरीतील गच्चीवर नदीकाठची काळी माती आणून बारा कुंड्या भरल्या, मेथी आणि टोमॅटो जूनअखेरपर्यंत उत्तम होते, आणि श्रावण लागताच खालची पाने पिवळी पडून टोमॅटोची रोपे भर पावसात माना टाकू लागली. त्यावर तिघांनी आपणास युरिया सुचवला आहे. हे वाचून मला माझाच नऊ वर्षांपूर्वीचा पावसाळा आठवला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी कृषितज्ज्ञ नाही, नोकरीतून निवृत्त झालेला हौशी माणूस आहे. त्यामुळे पुढील मजकूर अनुभव म्हणूनच वाचावा.

मीही तीच माती वापरली होती. ज्या मातीत ऊस डोक्याच्या वर जातो, त्या मातीत मेथीची जुडी का येऊ नये, असा माझा सरळ हिशेब होता. पाने पिवळी पडल्यावर मी मातीचा नमुना घेऊन एका कार्यालयात गेलो. अर्जात पिकाचे नाव लिहिण्यासाठी रकाना होता. ‘कुंडीतील भाजीपाला’ असे मी सांगताच समोरच्या गृहस्थांनी, असे पीक यादीत नाही म्हणून, परस्पर ‘ऊस, आडसाली’, म्हणजे सुमारे दीड वर्षाचे उसाचे पीक, असे लिहून टाकले. तीन हेलपाट्यांनंतर अहवाल हाती आला, तेव्हा त्यात हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजन), १७० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि १७० किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस होती. ती उसासाठी योग्यच आहे. मात्र माझ्याकडे बारा कुंड्या होत्या. हे कुंडीसाठी कसे लागू करायचे, असे विचारल्यावर ‘तुम्हीच भागाकार करा’ असे उत्तर मिळाले.

मी भागाकार केला, आणि तोच मला सर्वांत महाग पडला. ३० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीला सुमारे पावणेतीन ग्रॅम नत्र, म्हणजे ६ ग्रॅम युरिया येतो. गणित बिनचूक होते. परंतु उसाला हे नत्र लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत, म्हणजे वाढलेल्या उसाला मातीची भर देईपर्यंत, हप्त्याहप्त्याने द्यायचे असते, आणि ते पसरायला शेताची खोलवर माती असते. मी ते सगळे एकाच सकाळी, आधीच चिंब झालेल्या वीतभर मातीत टाकले. चौथ्या दिवशी मेथीच्या पानांच्या कडा करपल्या आणि आठवड्यात टोमॅटोही गेले. त्या कार्यालयावर माझा राग आजही आहे, पण तो भागाकाराच्या उत्तरापेक्षा एका न विचारलेल्या प्रश्नासाठी अधिक आहे: कुंडीतून पाणी बाहेर पडते का, हे मला कोणीही विचारले नाही. मातीच्या त्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा, होता. निचऱ्याविषयी एक अक्षरही नव्हते.

मेलेली रोपे उपटली तेव्हा खरे कारण दिसले. पांढरी, कडक असायला हवीत ती मुळे तपकिरी होऊन बोटांत सालपटासारखी सुटत होती आणि मातीला गटारासारखा वास येत होता. काळी माती पाण्याने फुगते आणि तिच्यातील हवेच्या जागा बुजतात. शेतात खालचे थर पाणी ओढून घेतात. कुंडीत ती ओढ तळाशीच संपते. हवा न मिळालेले मूळ जमिनीत असलेले नत्रही उचलू शकत नाही, म्हणून पान उपाशी असल्यासारखे पिवळे दिसते. अशा वेळी खत घालणे म्हणजे गुदमरलेल्या माणसाला जेवू घालणे होय.

तळाशी खडी घातली की निचरा होतो, असे आपणास कोणी ना कोणी सांगेलच. मीही चार बोटे खडी घातली होती. माझ्या मते हा सल्ला सरसकट चुकीचा आहे. बारीक मातीतील पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच अडून राहते आणि ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. खात्री हवी असेल तर भांडी घासण्याचा स्पंज भिजवून आडवा धरा आणि ठिबकणे थांबले की उभा करा. आणखी पाणी गळेल. उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडी पावसाळ्यात का बरी, हेही त्यावरून कळते. छिद्रातून माती वाहू नये म्हणून एक खापरी पुरते.

आता मी एक भाग तांबडी माती, एक भाग चाळलेले जुने शेणखत आणि एक भाग धुतलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेतो, आणि त्यात दोन-तीन ओंजळी भाताचे तूस मिसळतो. आजरा-राधानगरीकडे कोणी ओळखीचे असेल तर तूस सहज मिळते. साखर कारखान्याची ताजी मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मात्र कोणी फुकट दिली तरी कुंडीत घालू नका. कुजताना ती तापते आणि मुळे भाजतात. रंगाच्या बादल्या वापरत असाल तर तळाबरोबरच बाजूलाही, तळापासून बोटभर उंचीवर छिद्रे पाडा. सर्व कुंड्या विटांवर ठेवा आणि पावसाळाभर खालच्या ताटल्या काढून टाका, कारण ओल्या स्लॅबला चिकटलेले छिद्र बुजल्यासारखेच असते.

आपल्या मेथीवर वेळ घालवू नका. ती काढून नव्या मातीत पुन्हा पेरा, महिन्याच्या आत काढणीला येईल. टोमॅटोचे एक रोप कुंडीतून अलगद काढून पाहा. निम्मी मुळे पांढरी असतील तर कुजलेली कापा, शेंडा थोडा छाटा, नव्या मिश्रणात लावून आठवडाभर सावलीत ठेवा, आणि नवी पालवी दिसेपर्यंत खताला हात लावू नका. निम्म्याहून कमी असतील तर माझ्या अनुभवात ते रोप वाचत नाही. कोथिंबीर मी आता ऑक्टोबरनंतरच, धने रगडून दोन फाकी करून पेरतो. पावसाळ्यात त्या जागी अळू आणि गवती चहा लावतो.

आणि ती काळी माती फेकू नका. माझी उरलेली माती अळूच्या टबात आहे आणि तिथे ती उत्तम चालते.