कृषी पदवी : घटक महाविद्यालय की खासगी विद्यापीठ?

सप्रेम नमस्कार.

आपल्या कन्येला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कोल्हापूर येथील घटक महाविद्यालयात (म्हणजे विद्यापीठ स्वतः चालवते त्या महाविद्यालयात) जागा मिळते आहे. परंतु ‘सरकारी विद्यापीठांना उतरती कळा लागली आहे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, मुलीला खासगी विद्यापीठात घाला’ असा नातेवाइकांचा आग्रह असल्याने आपण सल्ला विचारला आहे. सांगोल्यात आपली ‘भगवा’ डाळिंबाची बाग असल्याचेही आपण ओघात लिहिले आहे. माझ्या मते उत्तर तिथूनच सुरू होते.

‘भगवा’ हा वाण राहुरीच्याच विद्यापीठाचा. ज्या ‘गणेश’ वाणाच्या संकरातून तो पुढे आला, त्याची निवड फळबाग शास्त्रज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांनी पुण्यात गणेशखिंडीच्या सरकारी फळबागेत केली होती. एका पिढीने निवडलेले झाड पुढच्या पिढीने संकरासाठी वापरावे आणि मधली कित्येक वर्षे विकण्यासारखे हाती काही नसतानाही जमीन, पाणी व पगार चालू राहावेत, हे केवळ शुल्कावर चालणाऱ्या संस्थेला सहसा परवडत नाही. शिवाय, या वाणाची कलमे लावणाऱ्या बहुतेक बागायतदारांनी विद्यापीठाची पायरीही चढलेली नाही; म्हणजे या कामाचा लाभ शुल्क न भरणाऱ्यांनाही होतो. आपल्या घरी ‘कृषिदर्शनी’ येत असेल, तर तीही राहुरीचीच.

ऊस, कापूस, ज्वारी आणि आंबा-काजू यांचे प्रदेश वेगवेगळे असल्याने 1968 ते 1972 या काळात राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे झाली. त्यांच्या शिफारशी ‘जॉइंट अ‍ॅग्रेस्को’च्या, म्हणजे चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत तपासल्या जातात आणि मगच शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतात.

नातेवाइकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. प्राध्यापकांच्या रिक्त जागा हे या विद्यापीठांचे जुने दुखणे आहे, आणि चकचकीत इमारतींत खासगी संस्था सहज पुढे असतात. तरीही कोल्हापुरात विद्यापीठाचेच ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. चालू प्रयोगाचे प्लॉट डोळ्यांसमोर असणे आणि त्यांची छायाचित्रे फळ्यावर पाहणे यांत फार अंतर पडते, विशेषतः पुढे पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल तर.

म्हणून कोल्हापूरची जागा सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी मुलीसह एकदा तेथील प्रक्षेत्र (प्रयोगांची शेती) पाहून यावे, कोणत्या विषयांना पूर्णवेळ शिक्षक आहेत हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे आणि मुलींच्या वसतिगृहाची चौकशीही त्याच फेरीत करावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक