आधी डिप्रेशन की आधी जेवण?

"मॅडम, आधी तिचं डिप्रेशन घालवा. मन थाऱ्यावर आलं की जेवेल आपोआप." कोथरूडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे मी कितीतरी आयांकडून ऐकलंय. वडील बहुतेकदा उलट म्हणतात, "आधी चार किलो वजन वाढू दे, मनाचं नंतर बघू." दोघांनाही माझं उत्तर एकच असतं: दोन्ही एकाच वेळी.

ओळख पटेल असे तपशील बदलून एका मुलीबद्दल सांगते. वय 19, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. नैराश्यासाठी सहा महिने गोळ्या चालू होत्या, पण त्या काळात तिचं वजन कुणी केलंच नव्हतं. अंगात सैल कुर्ते, आणि उपवास: संकष्टी, एकादशी, गुरुवार, शनिवार. आजीला नातीचं कोण कौतुक! आपल्या घरांत उपवास करणाऱ्याला कुणी 'का' म्हणून विचारत नाही. जेवण टाळण्याचा हा आजार (ईटिंग डिसऑर्डर) देवघराच्या आडोशाने वर्षवर्ष लपून राहतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

चौथ्या भेटीत मी विचारलं, "उपवास सोडताना कसं वाटतं?"

"भीती वाटते."

"आणि धरताना?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मी गप्प बसले. "शांत वाटतं. डोक्यात दिवसभर चालू असतं, नापास होशील, बाबांचे पैसे वाया घालवशील. पोट रिकामं असलं की ते थांबतं."

मला हवा होता तो धागा हाच. उपाशी राहणं हे तिने स्वतःच्या चिंतेवर शोधलेलं औषध होतं. ते नुसतं काढून घेतलं, तर चिंता दुप्पट जोराने उसळणार. आणि जेवणाला हात न लावता नुसतं चिंतेवर बोलत बसलो, तर उपाशी मेंदू काही धरून ठेवत नाही.

आईला मी मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. 1944-45 मध्ये अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. धडधाकट माणसं उदास झाली, चिडचिडी झाली, एकेकटी राहू लागली, ताटातलं चिवडत बसू लागली.

"म्हणजे हिचं डिप्रेशन उपासमारीचंच आहे?"

"किती उपासमारीचं आणि किती आधीपासूनचं, हे ती पोटभर जेवायला लागल्यावरच कळेल, ताई."

मग सगळे एकदम कामाला लागलो. आधी फिजिशियन: नाडी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर वाढलं तर फॉस्फेट घसरून हृदयावर बेतू शकतं, म्हणून आहारतज्ज्ञांनी बेताबेताने वाढवलं. मानसोपचारतज्ज्ञांना मी स्वतः फोन करून वजन आणि उपवास कळवले. हे कळवावंच लागतं. बुप्रोपिऑनसारखी नैराश्यावरची गोळी अशा रुग्णांत फिट येण्याच्या धोक्यामुळे देत नाहीत. माझ्याकडे चिंतेवर काम सुरू राहिलं, आणि घरी ताट वाढायचं काम आईकडे दिलं. घराला सोबत घेतल्याशिवाय मी या वयाच्या मुलींवर उपचार करत नाही. तो माझा आग्रह आहे आणि त्याचं फळ मी पाहिलंय.

पण गाठ सुटली ती आजीमुळे. एका भेटीला मी त्यांना मुद्दाम बोलावलं. सगळं ऐकून त्या नातीकडे वळल्या. "तुझी संकष्टी आजपासून माझ्याकडे. दोघींची मी धरीन. बाप्पाला काय सांगायचं ते मी सांगते. तू जेव." मुलगी पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्याने रडली. त्या रात्री तिने वरण-भात खाल्ला, पाऊण तास लागला. आई शेजारी बसून होती, न मोजता, न बोलता.

आठ महिने झाले. पाळी परत सुरू झाली आहे. उदासी बरीच उतरली, तरी पूर्ण गेलेली नाही. गोळ्या चालू आहेत. परीक्षेच्या आठवड्यात ती अजूनही जेवण टाळायला बघते, पण आता ते ती आम्हाला स्वतःहून सांगते.